हसरी इस्त्री

आईचा फोन आला की आधी तब्येत, मग जेवण आणि मग बाह्या, असा तिचा क्रम ठरलेला. त्या दिवशीही तो चुकला नाही. दादा पुढच्या महिन्यात दुसरं दुकान उघडतोय, नव्या वस्तीत, काचेच्या दारांचं. सगळ्यांनी सकाळीच जमायचं, फोटो काढायचे. "आणि हे बघ, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाल हं."

"उन्हाळा आहे, आई."

"मग सुती घाल. पण पूर्ण बाह्यांचं."

माझ्या कपाटात दुसरं आहे काय? शाळेच्या गणवेशापासून आजपर्यंत मी मनगटापर्यंत झाकलेली. ओळखीच्या बायका म्हणायच्या, काय वळण लावलंय हो मुलीला! वळण कसलं डोंबलाचं. माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, भाजल्याचा वण आहे. इस्त्रीच्या टोकाचा. अगदी रेखीव त्रिकोण. तो कुणाला दिसू नये आणि कुणी काही विचारू नये, एवढंच त्या बाह्यांचं काम.

"नाहीतर असं कर," आई पुढे म्हणाली, "हल्ली मुली काढून घेतात ना हातावर काहीबाही. तसली एखादी वेल काढून घे. बारीक, पानापानांची. झाकलं तरी जाईल एकदाचं."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मी एकदा नखं रंगवली तर हीच बाई आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. आता म्हणते टॅटू काढ. झाकायचं असलं की आमच्या घरात काहीही चालतं.

आमचं घर म्हणजे लाँड्री. पुढे दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे धुण्याचे हौद आणि खळीची घंगाळी, आणि वर राहायच्या दोन खोल्या. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घराला गरम कापडाचा वास येतो. इस्त्रीच्या दुकानात चटके नवीन नसतात. बाबांच्या बोटांवर होते, आईच्या मनगटावर आहेत, दादाच्या तळहाताला आहे. "चटका बसला" हे आमच्याकडे "भूक लागली" इतकं साधं वाक्य होतं. तेच माझ्या हाताला लावलं. कुणी विचारलं की आई सांगायची, हिला चटका बसला. डॉक्टरला तेच, बाईंना तेच. पुढे मीही तेच सांगायला लागले.

आपल्या भाषेची मोठी सोय आहे ही. चटका बसतो, फटका बसतो, धक्का बसतो. कुणी काही करावंच लागत नाही. सगळं आपलं आपण येतं आणि बसतं. मला मात्र चटका बसला नव्हता, दिला होता. तो दादाने दिला होता.

बाबा गेले त्या वर्षीची गोष्ट. दादा कॉलेज सोडून दुकानात उभा राहिला होता, आणि मी शाळेतून आले की त्याच्या हाताखाली. एका गिऱ्हाईकाचा रेशमी सदरा मी जाळला. इस्त्री टेकवून ठेवली आणि रस्त्यावर काहीतरी बघत राहिले, एवढंच. सदऱ्याच्या पाठीवर पिवळा त्रिकोण उठला. दादाने तो बघितला, मग माझा हात टेबलावर धरला आणि म्हणाला, "कापडाला काय होतं ते कळू दे तुला." मी डोळे गच्च मिटले होते. त्यामुळे तेव्हा त्याचा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही. हात ओढता येत नव्हता, एवढं आठवतं.

आणि मग आई आलेली आठवते. ती कपडे पोचवायला गेली होती, असं तिने सांगितलं. ती असती तर हे घडलंच नसतं, असं मी धरून चालले. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि तिचे हात इतके गार होते की माझी किंचाळी तिथेच थांबली. जगात त्याहून बरं काही मला तोवर लागलं नव्हतं. मी तिला सांगितलं, दादाने केलं. ती म्हणाली, "असं नाही बोलू. तो सांगतोय ना, झटापटीत लागली म्हणून. चटका बसला." आणि वर तिची नेहमीची म्हण, "आपलेच दात, आपलेच ओठ."

दात दादाचे आणि ओठ माझे, हे वाटप मात्र तिने परस्पर करून टाकलं.

तरी मी आईवर कधी चिडले नाही. दादावर चिडले, सदऱ्यावर चिडले, बाबा लवकर गेले म्हणून त्यांच्यावरसुद्धा चिडले. आईला मी सोडून दिलं, कारण ती तिथे नव्हती. तिने काही पाहिलं नव्हतं. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही, तर त्यात तिची काय चूक? विश्वाससुद्धा चटक्यासारखाच, बसला तर बसला. "आई असती तर" या तीन शब्दांवर मी लहानाची मोठी झाले. दुकान सोडलं, घर सोडलं, रंगाच्या दुकानात नोकरी धरली. तिथे दिवसभर भिंतींसाठी शेड मिसळून देते. पण ते तीन शब्द बरोबर घेऊन आले.

तर मी वेल काढायला गेले. खरंच वेलच काढायची होती मला. आईचं ऐकायची सवय एका दिवसात सुटत नाही.

टॅटूवाली माझ्याहून थोडी मोठी, डोकं तासलेलं, नाकावर चष्मा, बोलायला एकदम मोकळी. तिच्या खोलीच्या भिंतीभर नमुने. करड्या रंगातले चेहरे, इतके हुबेहूब की डोळ्यांत पाणी दिसावं. केसाएवढ्या रेघांची फुलं. भूमितीच्या वहीतून उठून आल्यासारख्या आकृत्या. मी वेलीकडे बोट दाखवलं. तिने माझी बाही वर केली, वणावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"वेल नाही टिकायची इथे. वणाची कातडी शाई एकसारखी धरत नाही. बारीक रेघ पसरेल, वर्षभरात पानांचं शेवाळं होईल. इथे जाड रेघ पाहिजे आणि भडक रंग." मग सहज विचारलं, "कसं झालं हे?"

"चटका बसला," मी म्हणाले. जिभेला वळणच तसं.

ती मला दुसऱ्या भिंतीशी घेऊन गेली. तिथे सगळा वेडेपणा होता. जीभ बाहेर काढलेली किटली, पाय फुटलेलं गजराचं घड्याळ, डोळे बटाट्याएवढे झालेला बोका, घामाघूम झालेला पंखा. जाड काळ्या कडा, आणि आत जांभळा, पोपटी, नारिंगी, सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले. आमच्या रंगाच्या दुकानात असं मिश्रण कुणी मागितलं असतं, तर मी त्याला घरी जाऊन झोपायला सांगितलं असतं. मला हसू फुटलं. तिथे उभं राहून मी इतकी हसले की आतून दुसरं गिऱ्हाईक डोकावून गेलं.

"याला न्यू स्कूल म्हणतात," टॅटूवाली म्हणाली. "नवी शाळा."

"बरं झालं. जुन्या शाळेत मी पूर्ण बाह्या घालून जायची."

घरी जाऊन विचार करते म्हटलं आणि खरंच केला. करड्या रंगात काही हुबेहूब काढलं असतं, तर लोकांनी अरेरे केलं असतं. अरेरे मला नको होतं. अरेरे म्हणून माणूस मान वळवतो आणि निघून जातो. वेल काढली असती तर कुणी बघितलंही नसतं. पण व्यंगचित्राकडे माणूस बघतो, हसतो आणि मग विचारतो, हे काय गं? तेच मला हवं होतं. कुणीतरी एकदा विचारावं. आणि मुख्य म्हणजे आईच्या समोर विचारावं, म्हणजे तिला कळेल. इतकी वर्षं जे तिला खरं वाटलं नाही, ते एकदा खरं वाटेल. मग ती काय करेल हे मी ठरवलं नव्हतं. रडेल, दादाला बोलेल, माझा हात पुन्हा हातात घेईल. एवढी हाव मला होती, उगाच नाही कशाला म्हणू?

पुढच्या खेपेला मी म्हणाले, "इस्त्री काढ."

तिने चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं.

"बसला नव्हता चटका," मी म्हणाले. "भावाने दिला होता."

"भावाचा फोटो आहे? इस्त्रीला त्याचं तोंड देऊ?"

"नको. तोंड कुणाचंच नको. इस्त्रीला इस्त्रीचंच तोंड दे."

तिने तीन तोंडं काढून दाखवली. एक रागावलेलं, एक रडकं आणि एक हसणारं. रागावलेलं फारच शहाणं वाटत होतं. रडायचं काम मी करून झाले होते, ते इस्त्रीवर कशाला टाकू? मी हसणारं घेतलं. तिने वण झाकला नाही. त्याच त्रिकोणाचा हसरा जबडा केला. वर गुबगुबीत जांभळं अंग, पोपटी गाल, बाहेर आलेले डोळे, आणि मागे वायरची शेपटी, कुत्र्यासारखी हलणारी. दादा उंच, निमुळत्या चेहऱ्याचा, दात सरळ रांगेतले. या इस्त्रीचा आणि त्याचा केसाचाही संबंध नव्हता. सुई वणावर आली की कुठे झोंबायची, कुठे अजिबात कळायचीच नाही. कडा झाल्यावर जखम सुकू दिली, मग रंग भरले. जांभळ्यावरून मी तिच्याशी भांडले आणि माझा जांभळा करून घेतला. एवढं कळतं मला.

दुकानाच्या दिवशी मी बिनबाह्यांचा ड्रेस घातला. आयुष्यातला पहिला. रस्त्याने जाताना हाताला वारा लागत होता, आणि तो हात माझा नसल्यासारखा मी सांभाळून नेत होते.

नवं दुकान झकास होतं. काच, दिवे, भिंतीला रांगेने हँगर, मागे वाफेचं मोठं मशीन, आणि मध्ये पडदाच, पण नवा. सगळ्यांत आधी भिंगरीने बघितलं. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी. पायाला भिंगरी असल्यासारखी पळते म्हणून नाव पडलेलं. "आत्या! इस्त्री हसतेय! बघा ना, इस्त्री हसतेय!" वहिनी आली, दुकानातली माणसं आली, माझ्या हाताभोवती घोळका झाला. मी हात पुढे धरून उभी होते. विचारा. आता विचारा.

दादा आला. त्याने माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. त्याच्या तोंडावर काही हललं असतं तर मला दिसलं असतं. मी दुसरीकडे कुठे बघतच नव्हते.

"वा!" तो म्हणाला. "काय भारी काढलंय! फुकटात जाहिरात केलीस की दुकानाची. हिचा फोटो घ्या रे. बोर्डावर हीच टाकू, हसरी इस्त्री!"

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने तर लगेच फोटो काढला. आणि मीही हसत होते, कारण सगळे हसत होते. त्याला आठवत नव्हतं, की आठवून तो असं बोलला, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं, तेही नाही.

आई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिने माझा दंड धरला आणि मला पडद्यामागे नेलं.

"काय हे करून आलीस? वेल म्हटलं होतं ना मी?" एका हँगरवरचं कुणाचं तरी जाकीट काढून ती माझ्या खांद्यावर घालायला लागली. "घाल हे. घाल आधी. चारचौघांत भावाचं हसं करतेस? आजच्या दिवशी?"

"कुणाचं हसं? इस्त्री आहे ती."

"मला शिकवू नकोस." तिने हाताकडे बघितलं, चटकन नजर काढली, पुन्हा बघितलं. "आणि असं दाखवायचं? असं, दात काढून? खोटं आहे हे. तो हसत नव्हता."

मशीन मागे वाफ सोडत होतं. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. उलट मी तिची चूक दुरुस्त करायला निघाले होते, की आई, इस्त्री 'ती' असते, 'तो' नसते.

मग ते माझ्यापर्यंत पोचलं.

"तुला काय माहीत?" मी म्हणाले. "माझे तर डोळे मिटलेले होते. तू तर कपडे पोचवायला गेली होतीस."

आईने जाकिटाची बाही सरळ केली. मग दुसरी केली. कापडावरचा पिवळा डाग बघून इस्त्री किती तापली होती आणि किती वेळ टेकली होती, हे सांगणारी ही बाई. कडेने लागलेला चटका आणि दाबून धरलेला चटका यातला फरक तिला माझ्या हातावर दिसला नाही, असं मी इतकी वर्षं मानलं होतं. मला वेडीच म्हणायला हवं.

आणि मला ते गार हात आठवले. गार आणि चिकट. उन्हातून कपडे पोचवून आलेल्या बाईचे हात गार नसतात. आणि चिकट तर नसतातच.

"तुझे हात खळीत होते," मी म्हणाले. "पडद्यामागे."

"हळू बोल."

"तू बघत होतीस?"

"काय करायला हवं होतं मी?" ती कुजबुजत माझ्यावर ओरडली. "बाप गेलेला, पोरगा कॉलेज सोडून उभा राहिलेला. मी मध्ये पडले असते तर तो सगळं टाकून निघून गेला असता, आणि मग आपण दोघींनी काय केलं असतं? त्याचं तोंड तू नाही बघितलंस, मी बघितलंय. रडकुंडीला आला होता तो. ओठ चावत होता." तिचे डोळे भरून आले होते. माझ्या हातासाठी ते भरलेले मी कधी पाहिले नव्हते. "असा नव्हता गं हसत तो."

मी तिला कळवायला आले होते. तिला तर माझ्याहून जास्त माहीत होतं. मी मिटलेल्या डोळ्यांनी जे अर्धं ठेवलं होतं, त्याचं दुसरं अर्धं तिने उघड्या डोळ्यांनी बघून जपून ठेवलं होतं, आणि जपलं होतं ते त्याच्यासाठी. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही असं थोडंच होतं? पहिल्या दिवसापासून पुरता ठेवला होता. तरी ती मला म्हणाली होती, चटका बसला. रागावर मी आजवर पोट भरलंय, पण त्या क्षणी राग शोधूनही सापडेना. फक्त वाटलं, ते तीन शब्द आता कुठे ठेवू? "आई असती तर." आई होती.

"चला, चला, फोटो!" बाहेरून दादाने हाक मारली. "आई! तिला घेऊन ये!"

आईने पदराने डोळे टिपले. जाकीट पुन्हा हँगरला लावलं, खांदे नीट बसवले. गिऱ्हाईकाचं कापड ती कधीच चुरगळू देत नाही. मग मला म्हणाली, "चल. आणि तो हात मागे ठेव."

मी हात मागे ठेवला नाही.

तो फोटो दादाने मोठा करून दुकानात लावलाय. मधोमध दादा, शेजारी वहिनी, पुढे भिंगरी, कडेला मी आणि माझ्या डाव्या बाजूला आई. आईने माझा हात कोपराखाली धरलाय, दोन्ही हातांनी, पंजे पसरून. इस्त्रीची शेपटी तेवढी दिसते. दुकानात येणारे म्हणतात म्हणे, मुलीवर किती जीव आहे हो तुमचा. बटण दाबेपर्यंत ती घट्ट धरून उभी होती. त्या दिवशी काही भाजलं नव्हतं, म्हणून तिचे हात मला फक्त घट्ट लागले.